चाळीस पावलांवरचा पत्रा

पाचव्यांदा पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवताना विश्राम धुरीचा खांदा भरून आला. तो जाड लोखंडी पत्रा त्याने स्वतः कापला होता, पाय वेल्डिंग करून घरामागच्या दरडीपुढे उभा केला होता. निशाणाला लावलेला कागद बंदुकीच्या एका बारात फाटायचा. पत्र्यावर मात्र छऱ्यांच्या खुणा बघायच्या, रंग लावायचा आणि पुन्हा बार काढायचा.

गेल्या वर्षी विश्रामने रानडुकरावर झाडलेल्या बारातला एक छर्रा त्याच्या लहानपणापासूनच्या सोबत्याच्या, भिवा परबाच्या डोळ्यात घुसला. तो डोळा कायमचा गेला. "बंदूकच डावीकडे मारता," असं विश्राम तेव्हापासून गावभर सांगत आला होता. आता ते त्याला एकदाचं सिद्ध करायचं होतं.

हात हलू नये म्हणून पोत्यावर नळी टेकवून त्याने चाळीस पावलांवरून पाचवा बार काढला आणि पाय ओढत पत्र्यापाशी गेला. छऱ्यांचा पुंजका याही वेळी मधोमध उमटला होता. बंदुकीत काहीच खोट नव्हती.

रंगाने माखलेल्या हातांनी तो तसाच भिवाच्या घरापुढच्या खळ्यात, अंगणात, जाऊन बसला.

"बंदूक सरळच मारता, भिवा. माझोच हात हललो."

भिवा सुपारी कातरत होता. "ता माका त्याच दिवशी कळला होता," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून कधी येतला, म्हणून वर्षभर वाट बघी होतंय. चाय घेतलंस?"

विश्रामने रंगाने माखलेला हात सुपारीसाठी पुढे केला. त्याला तिथून उठवतच नव्हतं.