हवालदाराचा मासा

"सुटला," हवालदार म्हणाला.

"सुटला म्हणे." डॉक्टरांनी हातातली जाळी मांडीवर आपटली. "अहो, सुटायला तो लागला कधी होता?"

दोघंही कमरेपर्यंत रबरी विजारी चढवून नदीत उभे होते. डॉक्टर दातांचे. माजी सैनिकांना मासेमारी शिकवणारं एक मंडळ होतं, तिथे ते दर रविवारी हौसेने आणि फुकट यायचे. इथे गांडूळ लावून बसणं चालत नसे. बारक्या गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून प्रत्येक सैनिकाने आपली खोटी माशी आपणच बनवायची, आणि लांब दोरीने ती पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाला खरीच वाटावी. लागलेला मासा फोटो काढून सोडून द्यायचा. मंडळाचा आणखी एक रिवाज होता. एका सैनिकामागे एक स्वयंसेवक. सैनिकाला पहिला मासा लागेपर्यंत त्याने पाठीशी उभं राहायचं, मग दुसरा सैनिक घ्यायचा.

बाकीच्यांचे दुसरे, तिसरे सैनिक चालू होते. डॉक्टर पहिल्यावरच अडकून पडले होते. चहाच्या वेळी मंडळी विचारायची, "काय डॉक्टर, निघाला का दात?" आणि डॉक्टरांना हातातला कप भिरकावून द्यावासा वाटायचा.

हवालदार ढ असता तर एकवेळ समजलं असतं. पण तो दोरी टाकायचा ती बघत राहावी अशी. मासे यायचेही. उसळून माशी तोंडात घ्यायचे आणि लगेच थुंकून टाकायचे. डॉक्टरांनी गळाची काठी बदलली, दोरी बदलली, गाठी सोडून पुन्हा घालायला लावल्या, नदीला शिव्या दिल्या. स्वतःची काठी त्यांनी या मोसमात कव्हराबाहेरही काढली नव्हती. आज मोसमाचा शेवटचा रविवार होता. आज लागला नाही, तर पुढच्या मोसमातही हाच हवालदार आणि हीच थट्टा.

"टाका परत. आणि झटका द्यायला उशीर करू नका."

हवालदाराने काठी मागे नेली. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, दोरी भरकटली आणि माशी येऊन डॉक्टरांच्या स्वेटरवर बसली. डॉक्टर जागच्या जागी थिजले. लोकरीत गळ रुतला की कात्रीशिवाय निघत नाही, आणि स्वेटर बायकोने विणलेला होता. त्यांनी श्वास रोखून धरला. माशी बाहीवरून घसरली आणि पाण्यात पडली.

डॉक्टरांनी बाहीकडे पाहिलं. एक धागाही ओढला गेला नव्हता. त्यांनी दोरी धरून माशी वर उचलली, खिशातला चष्मा काढून लावला आणि बोटाने पिसं बाजूला केली. गळाचं वाकडं टोकच नव्हतं. पकडीने कापून, वर घासून गुळगुळीत केलेलं होतं. इतकं स्वच्छ काम त्यांच्या दवाखान्यातही रोज होत नसे.

"हे कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून," हवालदार म्हणाला. "त्या दिवशी माझ्या शेजारच्याला मासा लागला. चहा संपायच्या आत त्याचा माणूस दुसऱ्याकडे गेला. मी म्हटलं, असं आहे होय."

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आणि मी गाढवासारखा जाळी धरून मागे उभा. माझे सगळे रविवार गेले, हवालदार. बायको म्हणते, त्या नदीतच संसार थाटा. एक मासा लागला असता तर काय बिघडलं असतं तुमचं?"

"तुम्ही गेला असतात."

"जाणारच की. मग तुम्ही पहिला मासा लागलेल्यांच्या गटात, पुलाखाली, बसला असतात. चांगली मंडळी आहेत."

"चांगली आहेत. पण विचारतात." हवालदार दोरी बोटाभोवती गुंडाळत होता. "तिकडे काय काय बघितलंत, झोप लागते का, आता बरं वाटतं का. घरीही तेच. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तुम्ही नुसते ओरडता."

खरंच डॉक्टरांनी काही विचारलं नव्हतं. हवालदाराला मुलं किती, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. माशापलीकडे त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं, आणि याची आता त्यांना लाज वाटावी की काय, तेही कळेना. राग गेला नव्हता. तो कुणावर काढायचा तेवढं समजत नव्हतं.

मंडळ चालवणाऱ्या बाई गळ्यात कॅमेरा अडकवून काठावर आल्या होत्या.

"डॉक्टर, लागला का?" त्यांनी हाक मारली. "नसेल तर राहू द्या आता. पुढच्या मोसमात मी तुम्हाला माणूस बदलून देते. तुम्ही तरी किती दिवस ताटकळणार?"

"काही गरज नाही," डॉक्टर ओरडले. बाईंना ते तुसडेपणाचं वाटलं असावं. त्या मान हलवत पुढच्या जोडीकडे गेल्या.

हवालदार पाण्याकडे बघत उभा होता. डॉक्टरांना वाटलं, जवळ जावं, खांद्यावर हात ठेवून काहीतरी बरं बोलावं. शब्द तोंडापर्यंत आलेही. डॉक्टरांनी ते गिळले.

"खांबासारखे उभे काय राहिलात?" ते ओरडले. "दोरी वाहत चाललीय. ओढा ती, आणि टाका परत."