दिवाकरभाऊंचे पाय

मागच्या वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, भिलाईतल्या मरोदा वस्तीच्या चर्चमध्ये पास्टर सुशील बारा जणांचे पाय धुवायला बसले. अकरा जण घरूनच साबण लावून, पावडर मारून आले होते. बारावे दिवाकरभाऊ मात्र पोलाद कारखान्यात कोक ओव्हनची, म्हणजे कोळशाच्या भट्टीवरची, ड्युटी करून थेट आलेले. काळेकुट्ट पाय ते लाजून खुर्चीखाली ओढून घेत होते. पास्टरनी ते हातात घेतले आणि परातीतलं पाणी शाईसारखं होईपर्यंत चोळले. कोणीतरी काढलेला तो फोटो भिलाईभर फिरला. "देवाचा सेवक असावा तर असा!" लोक म्हणाले, आणि पास्टरना जागोजागी नम्रतेवर बोलायची बोलावणी येऊ लागली.

यंदा पाय धुण्याच्या आदल्या दिवशी पास्टरनी दिवाकरभाऊंना फोन केला.

"भाऊ, उद्याबी सरळ ड्युटीवरूनच या. पाय धुऊ नका, व्हिडिओवाला येऊन राहिला."

"पण पास्टर, मी तं जानेवारीतच रिटायर झालो ना जी!"





"मंग घरून थोडा कोळसा लावून या."