दोन चमचे पीठ

"तिसऱ्यांदा तपासलंत?" शिंप्याने विचारलं.

"तिसऱ्यांदा," तपासनीस बाई म्हणाल्या. "फरक नाही."

तक्रारदाराला प्रयोगशाळेत घ्यायची परवानगी नव्हती. पण गळ्यातली टेपही काढायचं भान नसलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवायला बाईंचं मन धजलं नाही. टेबलावर त्याच्या घरातलं मक्याच्या पिठाचं पिवळं पाकीट होतं. शेजारी शुद्ध मानक पिठाची बरणी, नेहमीसारखी काठोकाठ. त्या ऑफिसात कधीच न संपणारी वस्तू तेवढी एकच. बाकी शाईपासून साबणापर्यंत सगळ्याची बोंब.

कायदा सरळ होता. मक्यात शेंगदाण्याचं जनुक घातलं असेल, तर पाकिटावर तसं छापलंच पाहिजे. घातलंय की नाही, ते मानक पिठाशी ताडून ठरवायचं. फरक दिसला तर कंपनी दोषी. नाही दिसला तर तक्रारीला अर्थ नाही.

"माझ्या पोरीला शेंगदाणा म्हणजे विष होतं, बाई. एक दाणा घरात येऊ देत नव्हतो. त्या दिवशी तिने या पिठाचा पाव तेवढा खाल्ला, आणि तासाभरात गेली." तो टेपेचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. "बायको म्हणते, खरं सांगा, तुम्हीच बाहेर काहीतरी खायला दिलंत. म्हटलं, कागद येऊ दे, मग बघ."

नियमात बसत नसताना बाईंनी चौथ्यांदा तपासणी लावली. तीस वर्षं तिथेच शिपाई असलेल्या काकांनी बरणी पुढे केली. बाईंनी दोन चमचे पीठ घेतलं. यंत्रावर दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसले.

शिंप्याकडे न बघता बाईंनी अहवालावर सही केली.

ग्राहक मंचाने तक्रार फेटाळली. निकालात एक ओळ जास्तीची होती: मुलीच्या पोटात शेंगदाणा वडिलांच्या हलगर्जीपणामुळे गेला असावा. बायकोने तेवढीच ओळ दोनदा वाचली आणि माहेरी निघून गेली. शिंप्याने दुकानाला कुलूप लावलं. पुढे पुढे तोही लोकांना सांगू लागला, की चूक माझीच असणार.

महिनाभराने काका निवृत्त झाले. किल्ल्या सोपवताना त्यांनी बरणीवरून शेवटचं फडकं फिरवलं.

"नव्या माणसाला एवढं बजावून सांगा, बाई. ही रिकामी पडता कामा नये. पाच वर्षांपूर्वी सरकारी पीठ संपलं. वरच्या ऑफिसचे उंबरे झिजवले, कुणी दाद देईना. पण तुमचं काम एक दिवस अडू दिलं नाही मी."

"मग हे पीठ?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो की," काका अभिमानाने म्हणाले. "तेच, पिवळ्या पाकिटातलं. चांगलं असतं."