कडूबाची सोबत

"निस्तं बसून या त्यायच्यापाशी," जनकाबाई नवऱ्याला म्हणाली. "बोलाचं काई कामच नाई."

बोलायचं नाही म्हणूनच दयाराम उठला. फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन तो देऊळघाटच्या शिवारातल्या मळ्याकडे निघाला. तिथे सुलतानपूरचा कडूबा नावाचा म्हातारा नुकताच राखणीला आला होता. त्याचा तरणा पोरगा विहिरीत बुडून गेला, तेव्हापासून म्हातारा धड जेवत नाही, असं जनकाबाईने सांगितलं होतं.

कडूबा मेथीच्या वाफ्यात उकिडवा बसून तण काढत होता. दयाराम शेजारी बसला. बराच वेळ गेला. नुसते हात बांधून बसणं बरं दिसेना, म्हणून तोही तण उपटू लागला.

दुपारी त्याने भाकरी पुढे केली.

"एकट्याच्यानं घास उतरत नाई," म्हातारा म्हणाला.

दयारामने अर्धी मोडून घेतली.

मग तो रोजच जाऊ लागला. म्हाताऱ्याला सोबत म्हणून जेवायचा, सोबत म्हणून मोटेचं पाणी वळवायचा. एकदा पाणी देता देता त्याने विचारलं, "बाबा, एवढं झालं, तरी तुमी काम कसं करता?"

"हा वाफा भरला का दुसऱ्याले पानी द्याचं. भरल्या वाफ्यात पानी तुंबलं का मुळं सडतात." कडूबाने खोऱ्याने पाण्याची वाट दुसऱ्या वाफ्याकडे वळवली. "सगळंच जाते, दयाराम. सहा वर्सं झाली आपल्याले दीक्षा घेऊन, भंतेजी दुसरं काय सांगतात? पन गेलेल्याचं नाव घ्यावं मानसानं. मी रोज घेतो. शालिग्राम."



"माह्या पोरीचं नाव सिंधू," दयाराम म्हणाला. "आषाढात ताप आला. सात वर्साची होती."

आणि तिथेच, चिखलात बसून तो ढसाढसा रडला. कडूबाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाणी वाफा फोडून बाहेर गेलं, तरी म्हातारा उठला नाही.

त्या संध्याकाळी दयारामने पेटीतून लेकीचा परकर काढला. "शेजारच्या मंजुळाबाईच्या नातीले देऊन टाक," तो बायकोला म्हणाला. कित्येक महिन्यांनी दोघं चुलीपाशी सोबत जेवली. जेवताना तो सिंधूच्या खोड्या सांगत होता आणि जनकाबाई डोळे पुसत हसत होती.

उन्हाळा लागला. मळ्यातलं काम संपलं आणि कडूबा आपल्या गावी परतला. वैशाखात शालिग्रामला जाऊन वर्ष होत होतं. दयारामने मेणबत्त्या आणि फुलं घेतली.

"इतक्या लांब कशाले जाता?" जनकाबाई म्हणाली.

"त्या मानसानं माह्यासाठी काय केलं, तुले नाई समजाचं."

 जनकाबाईने वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

सुलतानपूरला एसटीतून उतरून तो कडूबाच्या वस्तीत गेला. एक म्हातारी गोवऱ्या थापत होती.

"शालिग्रामच्या बापाचं घर कोनतं, आजी? कडूबाचं?"

"कडूबा माहाच भाऊ," म्हातारी म्हणाली. "पन त्याले कुठलं पोरगं? लगनच नाई केलं त्यानं." तिने हात पुसले आणि त्याच्याकडे निरखून पाहिलं. "देऊळघाटचे काय तुमी? तिथली एक बाई त्याचे पाय धरून घेऊन गेलती त्याले. लेक गेल्यापासून तिचा नवरा तोंडातून शब्द काढत नव्हता म्हने. बोलाले लागला का तो?"