मातृवृक्ष

पडद्यावर दोन विषाणूंची जनुकीय अक्षरं एकाखाली एक सरकत होती. एक वाळत चाललेल्या मोसंबीबागांतला, दुसरा फळसंशोधन केंद्राच्या अंगणातल्या मातृवृक्षातला. निरोगी म्हणून निवडलेल्या त्या झाडाच्या डोळकाड्या, म्हणजे डोळे असलेल्या फांद्या, कलमांसाठी गावोगाव जात. यमुनानं त्याचं पान नुसतं तुलनेपुरतं घेतलं होतं, तर त्यातही विषाणू निघाला.

निदान तो वेगळा असेल, अशी तिला आशा होती. एका अक्षराचाही फरक निघाला नाही. रोग पोटात ठेवून झाड मात्र मजेत होतं.

ती अंगणात धावली. कलमं बांधणारे दगडूकाका डोळकाड्या छाटत होते.

"काका, थांबा. ह्याची कलमं कुठं कुठं गेलीत?"

"जिल्ह्यात दुसऱ्या झाडाची मोसंबी आता उरलीय कुठं, मॅडम?" खोडावरून मायेनं हात फिरवत काका म्हणाले. "सगळी ह्याचीच लेकरं."