अर्थ तोच होतो

चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली दाबलेली होती. बाईंनी ती उभ्याउभ्या वाचली, मग खुर्चीत बसून वाचली, आणि तिसऱ्यांदा एकेका शब्दावर बोट ठेवून वाचली.

'वर जातोय. दार माझ्या बाजूने उघडत नाही, तुझ्याच बाजूने उघडतं. वाट बघतो.'

बस्स, एवढंच. त्यांच्या नवऱ्याला सगळी इमारत मिस्त्री म्हणायची. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. मिस्त्रींचं लिहिणं म्हणजे 'बटण अडकतं. तार बदलली.' त्यापलीकडे अक्षर नाही. असा माणूस दाराबद्दल लिहितो? बाई पंचवीस वर्षं कॉलेजात अमेरिकन कथा शिकवत होत्या. दार म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

कालच त्यांनी वर्गात एक कथा घेतली होती. बर्फात गोठ्याचं दार लावायला गेलेला नवरा, आणि खिडकीत दिवा लावून बसलेली बायको. फळ्यावर बाईंनी नेहमीचे तीन रकाने आखले: आशय, भाववृत्ती, प्रतीक. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, दिवा नुसता दिवा असू शकत नाही का? अंधार पडला म्हणून लावला असेल."

"मग कथा कशाला वाचतेस? दिव्याच्या खोक्यावरचं वाच," बाई म्हणाल्या. सगळा वर्ग हसला. "कथेत काहीही उगाच नसतं. लिहून घ्या."

घरात मात्र परवापासून अबोला होता. निमित्त काय, तर बाथरूमच्या नळाला धार नव्हती. पेपर तपासता तपासता बाई म्हणाल्या, "या घरात सगळंच आटत चाललंय."

"नळाबद्दल बोलतेस की माझ्याबद्दल?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही! तुझ्याशी साधं बोलायची सोय राहिली नाही. पाणी दे म्हटलं तरी तू त्यात माझी तहान शोधत बसतेस." आणि मिस्त्रींनी तोंडाला जे कुलूप घातलं, ते घातलंच.

बाई घरभर फिरल्या. नजर सवयीने खुणा टिपत होती. मोबाइल चार्जिंगला लावलेला: कुणाशी संबंध नको. हृदयाची सकाळची गोळी बशीत तशीच: आता कशाला जगायचं? बाहेरच्या चपला जागेवर, पायात घरातल्या स्लिपर. ज्याला परत यायचंय तो माणूस असा जातो होय? हत्यारांची पिशवी तेवढी नव्हती. आयुष्यभर जीव लावला तो त्या पिशवीला, तीच सोबत नेली. बाथरूममध्ये त्यांनी नळ सोडला, तर धो धो पाणी! बाईंना रडू आवरेना. जाता जाता शेवटचं काम करून गेला माणूस.

स्वयंपाकघरातल्या पाइपमधून मघापासून ठकठक येत होती. तीनदा, मग थांबून पुन्हा तीनदा. वरच्यांनी परत फरशी उकरायला घेतली वाटतं. मेल्यांना काळवेळ काही आहे की नाही! एका कानावर हात दाबून बाईंनी पोलिसांना फोन लावला.

"चिठ्ठीत नेमकं काय लिहिलंय?" पलीकडच्या हवालदाराने विचारलं.

"ते जिवाचं बरंवाईट करायला निघालेत असं."

"असंच लिहिलंय?"

"अहो, अर्थ तोच होतो!"

हवालदार नदीच्या पुलावर माणसं पाठवतो म्हणाला. बाईही लेकीला फोन करून पुलाकडे धावल्या. भर उन्हात त्यांनी दोन्ही कठडे पालथे घातले, खाली वाकून वाकून पाणी पाहिलं, दिसेल त्याला मिस्त्रींचा फोटो दाखवला. कुणी पाहिलं नव्हतं.

दुपारी दोनला त्या घरी परतल्या. वरचेही दमले असावेत, ठकठक आता हळू आणि मध्येच एखादी येत होती. बाईंनी टेबलावर डोकं टेकलं.

"अहो, या ना हो परत," त्या रिकाम्या घराला म्हणाल्या. "मी नळाबद्दलच बोलत होते. देवाशपथ, नळाबद्दलच."

लेक तासाभराने धापा टाकत आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. चिठ्ठीत लिहिलंय तेच आणि तेवढंच द्यायचं, ही तिची रोजची सवय.

"कुठेय चिठ्ठी?"

तिने एकदाच वाचली. "आई, हे गच्चीचं दार आहे."

"म्हणजे?"

"गच्चीकडची मूठ तुटलीय ना त्याची. वाऱ्याने लागलं की तिकडून उघडत नाही. बाबा टाकीचा कॉक दुरुस्त करायला गेलेत."

"छे गं. वर कुणी असतं तर वरच्यांना कळलं नसतं? त्यांचं सकाळपासून फरशीचं काम चाललंय. केवढी ती ठकठक!"

"वरचे?" लेक दारातच थबकली. "ते गेल्या महिन्यातच घर सोडून गेले. बाबांनी सांगितलं नाही तुला?"

सांगितलं असेल. बाई पेपर तपासत असतील.

लेक बशीतली गोळी उचलून जिन्याकडे पळाली. बाईंनी गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या त्या पाइपला कान लावला. पाइप गप्प होता. त्यांनी ओट्यावरचा चमचा उचलला, पाइपवर तीनदा वाजवला, आणि वाट बघत उभ्या राहिल्या.