पहिल्या बोंडाची वात

जानरावने फुटलेलं बोंड मनकर्णाच्या तळहातावर ठेवलं आणि तो गप्प उभा राहिला. मागणं तोंडाने सांगायचं नसतं. सांगितलं की ते फुकट जातं. मागणाऱ्याने आपलं मागणं मनात धरायचं. मनकर्णाने बोंडातली सरकी काढून कापसाची वात वळायची, दिव्यात घालून पेटवायची आणि मनातल्या मनात म्हणायचं, ‘याच्या मनातलं याला मिळो.’ आणि ते मिळायचं! आजवर तिची एकही वात वाया गेली नव्हती.

पहिल्या वेचणीचा दिवस. शेतात सीतादही, म्हणजे सीतामाईची पूजा होती. कपाशीच्या झाडापाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवलेला, आणि मनकर्णापुढे बोंडं घेऊन आलेल्या लोकांची ही गर्दी. दूर कुठे गोऱ्यांच्या मुलखात लढाई जुंपली होती म्हणे, आणि इकडे वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं होतं. मग काय विचारता! कोणाला बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या हव्या होत्या, कोणाला अमरावतीच्या पेठेत घर हवं होतं. गोदाबाईच्या सुनेची कूस उजवली तीही मनकर्णाच्याच वातीने. गोदाबाई ते सगळ्यांना सांगत फिरायची.

मनकर्णाला काय हवंय, हे मात्र कोणी विचारत नव्हतं. ती लहानपणीच विधवा झालेली. नवऱ्याचं तोंडही तिला धड आठवत नव्हतं. त्यांच्या जातीत विधवेला पाट लावून पुन्हा संसार मांडता यायचा, पण भावाला शेतात राबणारी बहीण हवीच होती, आणि बाहेरून कोणी विचारायला आलं नव्हतं. लग्नघरी तिला मागच्या दारी भांड्यांपाशी बसवत. सीतादहीला तेवढं हाताला धरून पुढे आणत. बरं, स्वतःसाठी वात लावावी, तर तीही सोय नव्हती. बोंड दुसऱ्याने आणून द्यावं लागायचं.

जानराव हा शालिकरामांचा मुलगा. अकोल्याला कापसाच्या गाड्या घेऊन जायचा. वेचणीवरून परतताना मनकर्णाच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून “मनकर्णा, जेवली का?” असं विचारणारा गावात तो एकटाच होता. त्या एवढ्याशा विचारण्यावर तिचा जीव जडला होता. कोणाला सांगणार? ऐकून लोक हसले असते.

आता त्याने मान वळवून बांधाकडे पाहिलं. बांधावर शालिकराम आणि खुशालराव पाटील बोलत बसले होते. शेजारी पाटलांची लेक वच्छला उभी होती, गळ्यात नवी कोरी पुतळ्यांची माळ. मनकर्णाने नजर हातातल्या बोंडावर आणली.

“मनापासून मांग बरं,” जानराव हळूच म्हणाला. “माह्या जिवाचं हाये हे.”

“मी सगळ्याइचंच मनापासून मांगते,” ती म्हणाली.

तिने सरकी काढली, वात वळली. किती जणांचं भलं मागितलं होतं तिने! ज्यांनी कधी तिला घोटभर पाणी विचारलं नाही, त्यांचंसुद्धा. आणि आता याला स्वतःच्या हाताने वच्छलाच्या पदरात टाकायचं? एवढं मोठं मन कुठून आणायचं? वात पेटली. मनकर्णाने डोळे मिटले. ‘याच्या मनातली,’ ती मनात म्हणाली, ‘याला मिळू नये.’

जानरावने दिव्याला हात जोडले आणि तो गाड्यांकडे निघून गेला.

त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. जाऊन त्याचे पाय धरावे, असं तिला शंभरदा वाटलं. पण लावलेली वात मागे घेता येत नव्हती. जानराव समोर दिसला की ती वाट बदलायची.

दिवाळी झाली आणि गावात शालिकरामांकडची साखर फिरली. वच्छलाला जानरावचं कुंकू लागलं होतं, सोयरीक पक्की झाली होती. ऐकलं आणि मनकर्णा गोठ्यात जाऊन बसली. पोटभर रडली. मग रडता रडताच तिला एकदम मोकळं वाटलं. तिची वात फळलीच नव्हती! सीतामाईने तिचं ओंगळ मागणं कानाआड केलं होतं, जानरावला त्याच्या मनातली मिळाली होती. आपलं दुःख गिळायची तिला सवय होती. त्याचं वाटोळं केलं असतं, तर ते तिला जन्मभर सोसलं नसतं. त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी ती विहिरीवर पाणी शेंदत होती. जानराव गाडी थांबवून खाली उतरला. चेहरा पार उतरलेला. प्रवासाचा शीण असेल, असं तिला वाटलं. यावेळी तिने वाट बदलली नाही. आपण होऊन म्हणाली, “सुखानं राहा. वच्छला गुणाची पोर हाये.”

“व्हय, गुणाची हाये,” तो म्हणाला. “बाबानं पाटलाले जबान देली. मी लय भांडलो. पन सुपारी फुटली, आता काय बोलाव?”

“भांडला? काहून?”

त्याने तिच्या हातातली भरलेली बादली घेऊन काठावर ठेवली.

“तुही वात वाया गेली, हे मी गावात कोनालेच नाई सांगनार. तुहा हात खरा हाये, माह्यंच नशीब फुटकं,” तो म्हणाला. “त्या दिवशी मी तुलेच मांगतलं होतं, मनकर्णा.”